घरातील पहिली मतदार स्त्री कोण, हे कसे शोधावे

स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक असे की, विलायतेतील बायकांना मतासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आणि दुसरे असे की, आपल्याकडे राज्यघटनेने तो हक्क 1950 मध्ये न मागताच देऊन टाकला. यांतले दुसरे वाक्य निम्मेच खरे आहे. ते किती खरे आणि किती खोटे, हे तपासायचे असेल तर स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. आपल्या घराण्यातील कोणत्या स्त्रीचे नाव सर्वांत आधी मतदारयादीत लागले, कोणत्या साली लागले आणि कशाच्या आधारावर लागले, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला निघालेला माणूस वाटेत या इतिहासाचा बराचसा भाग आपोआप शिकतो. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, कोणते कागद पाहावेत आणि कुठे फसगत होते, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी गाव आणि त्या गावावरची सत्ता

पणजी कोणत्या गावी नांदत होती, हे ठाऊक असणे पुरेसे नाही. ते गाव त्या काळी कोणाच्या राज्यात होते, हे ठरवावे लागते. आजचा महाराष्ट्र तेव्हा एका कायद्याखाली नव्हता. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी, खानदेश हे मुंबई इलाख्यातले जिल्हे. बेळगाव आणि कारवारही त्याच इलाख्यात. नागपूर, अमरावती, अकोला हा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद निजामाकडे. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत अशी संस्थाने वेगळी, आणि गोवा पोर्तुगिजांकडे. त्यामुळे दोन सख्ख्या बहिणींपैकी एक पुण्यात दिली आणि दुसरी परभणीला, तर त्यांच्या मताधिकाराच्या सालात जवळजवळ तीस वर्षांचे अंतर पडू शकत होते. बहिणींची बुद्धी, शिक्षण, घरची सुबत्ता सारे सारखे असूनही हे अंतर पडे, आणि म्हणून माहेर कोणते यापेक्षा सासर कोणते, हा प्रश्न आधी विचारावा.

मुंबई इलाख्यासाठी लक्षात ठेवायचे साल 1921 हे आहे. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. 18 डिसेंबर 1917 रोजी मद्रासमध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटले आणि येऊ घातलेल्या सुधारणांत स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने मत मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती फेटाळली. तेव्हा 1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन, ही पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली, अशा दोघी मायलेकी लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ब्रिटिश सरकारने सरळ हो म्हटले नाही आणि सरळ नाहीही म्हटले नाही. 1919 च्या कायद्याखाली केलेल्या नियमांत त्यांनी एवढीच पळवाट ठेवली की, एखाद्या प्रांताच्या कायदेमंडळाने तसा ठराव केला, तर त्या प्रांतापुरती स्त्रीपणाची आडकाठी दूर होईल. मद्रासने 1921 मध्ये हा ठराव केला आणि त्याच वर्षी मुंबईनेही केला. मुंबई इलाख्यात त्यासाठी स्त्रियांचे मत संघटित करणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी होते. मध्य प्रांताला असा ठराव करायला 1927 साल उजाडावे लागले.

ठरावाचे साल आणि पहिल्या मतदानाचे साल एकच नसते, ही गोष्ट येथेच पक्की करून घ्यावी. नव्या कायद्याखालची पहिली निवडणूक 1920 मध्ये होऊन गेलेली होती, त्यामुळे मुंबई इलाख्यातील स्त्रीला प्रांतिक कायदेमंडळाच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देण्याची पहिली संधी 1923 मध्ये आली. नागपूरकडच्या स्त्रीला ती 1930 मध्ये आली. निजामाच्या राज्यात यांपैकी कोणताच ठराव लागू नव्हता, तेव्हा मराठवाड्यातील घराण्याने आपला शोध थेट 1952 पासून सुरू करावा. कोल्हापूर संस्थान 1949 च्या मार्चमध्ये आणि दक्षिणेतील बहुतेक संस्थाने त्याच्या आदल्या वर्षी मुंबई प्रांतात विलीन झाली. त्या भागातील स्त्रियांची नावेही सार्वत्रिक यादीत 1952 च्या निवडणुकीसाठीच आली. गोव्याचे गणित आणखी निराळे आहे, त्याकडे पुढे वळू.

कोणत्या नावाने शोधायचे

या कामात सर्वांत जास्त वेळ नावात जातो. मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पुष्कळ घरांत पहिले नावही बदलत असे. माहेरची यमुना गोविंद सासरी लक्ष्मीबाई रामचंद्र होत असे, घरात तिला सगळे काकू किंवा वहिनी म्हणत आणि नातवंडांना तिचे खरे नाव तिच्या निधनाच्या वेळी पत्रिकेत छापून येईपर्यंत ठाऊक नसे. म्हणून कागद उघडण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क बाईजवळ बसावे आणि शोधायच्या व्यक्तीची चार नावे वेगवेगळी लिहून घ्यावीत: माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, घरातले हाक मारायचे नाव आणि कागदोपत्री चुकून पडलेले कोणतेही नाव. पुरुषमंडळींना हा प्रश्न विचारून फारसा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांना गट नंबर पाठ असतो, आजीचे माहेरचे नाव नसते.

नावाची ही अडचण केवळ आपल्या शोधाची नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच ती उभी राहिली होती. यादी करणारे दारात आले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला. जवळजवळ 8 कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे 28 लाख स्त्रियांनी आपले खरे नाव दिले नाही आणि त्यांची नावे यादीतून गाळली गेली. यातील बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या. मराठी मुलखात प्रमाण तेवढे नव्हते, पण अडचणीचा प्रकार आपल्याला परका नाही. आपल्याकडे तर नवऱ्याचे नाव घ्यायचे म्हणजे उखाण्यात गुंफून घ्यायचे, एरवी ‘इकडून’ आणि ‘ह्यांनी’ यांवरच संसार निभावायचा. यादीत मतदाराच्या नावाशेजारी बापाचे किंवा नवऱ्याचे नाव हा रकाना असे. तो भरताना कित्येक घरांत बाई गप्प बसली असेल आणि शेजारच्या पोराने नाव सांगितले असेल. त्यामुळे त्या रकान्यात नवऱ्याचे पाळण्यातले नाव न येता गावात रूढ असलेले अण्णा, बापू, तात्या असे नाव आलेले असण्याची शक्यता धरून चालावे.

1923 किंवा 1930 च्या यादीत नाव असेल का

यादी शोधण्याआधी घरातील कागदांवरून अंदाज बांधता येतो आणि तो बांधावाच, कारण त्याने पुढची पायपीट वाचते. 1921 च्या ठरावाने स्त्री असल्याची आडकाठी दूर झाली, पण मताची पात्रता मालमत्तेचीच राहिली. जमिनीचा सारा, घराचे भाडे किंवा किंमत, प्राप्तिकर, असे निकष पुरुषांना होते तेच स्त्रियांना लागले. कागदावर ही समानता होती. प्रत्यक्षात जमीन कोणाच्या नावावर असे, हे आपण जाणतोच. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर कर्त्या पुरुषाचे नाव लागे, आणि म्हणून या काळातील यादीत सापडणारी स्त्री बहुधा विधवा असते किंवा माहेराहून मिळालेल्या मालमत्तेची मालकीण असते. सधवा, सुखवस्तू, गावच्या पाटलाची पत्नी यादीत नाही आणि भावकीतून विभक्त झालेली त्याची विधवा चुलती मात्र आहे, असे चित्र दिसले तर चकित होऊ नये.

यासाठी पाहायचा कागद म्हणजे फेरफार नोंद. सातबारा उतारा आजची स्थिती दाखवतो. जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या कारणाने आली, हे फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये असते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक दिसतात. त्यांतील सर्वांत जुना क्रमांक घेऊन तलाठी कार्यालयात किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी. अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावर आलेले आहेत, तेव्हा आधी तेथे पाहून मग फेरी मारावी. जुनी नोंद मोडीत असेल तर घाबरून जाऊ नये. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत आणि पुराभिलेख खात्याकडे विचारणा केली तर जाणकारांची नावे कळतात.

माझ्या घरचे उदाहरण सांगतो. आमच्या साताऱ्याकडच्या गावातील एका फेरफार नोंदीत माझ्या खापरपणजीचे नाव आहे. नोंद तीन ओळींची. पहिल्या ओळीत खातेदार मयत झाल्याचे, दुसऱ्या ओळीत वारस म्हणून ‘बायको’ असे आणि त्याच्या पुढे तिचे नाव, तिसऱ्या ओळीत शेजारच्या दोन खातेदारांच्या साक्षी. तिच्या नावापुढे अंगठ्याचा ठसा आहे, शाई पसरलेली, आणि ठशाच्या खाली दुसऱ्याच्या अक्षरात ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. नोंदीचे साल पाहिले आणि साऱ्याचा आकडा पाहिला, तेव्हा लिहिता न येणारी ही बाई मालमत्तेच्या निकषाने पात्र ठरली असणार, असा कयास मला बांधता आला. मूळ यादी मात्र मला मिळाली नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवले, आणि तिसऱ्या खेपेला जुने गठ्ठे पावसात भिजल्याचे कळले. तेव्हा माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘पात्र असावी’ असेच लिहिलेले आहे, ‘मतदार होती’ असे नाही.

शहरातील घराण्याने फेरफाराऐवजी नगरपालिकेची घरपट्टीची नोंद पाहावी. आणखी एक सूचना अशी की, नगरपालिका आणि प्रांतिक कायदेमंडळ यांच्या मतदारयाद्या वेगवेगळ्या असत आणि पात्रताही वेगळी असे. एका यादीत नाव सापडले म्हणून दुसऱ्या यादीत असेलच, असे समजू नये. मुंबई महानगरपालिकेत तर 1923 मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले निवडून आल्या होत्या, हे येथे आठवावे. गिरगाव-दादरकडचे जुने कुटुंब असेल तर महापालिकेच्या बाजूने शोध घेणे अधिक फलदायी ठरू शकते.

1937: शाळेचा दाखला आणि नवऱ्याची पट्टी

1935 च्या कायद्याने स्त्री मतदारांची संख्या एकदम वाढवली. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे 60 लाख स्त्रिया मतदार झाल्या. ही वाढ तीन वाटांनी झाली आणि आपली आजी-पणजी यांतील कोणत्या वाटेने आली, हे ओळखणे म्हणजे या शोधाचा सर्वांत रंजक भाग होय.

पहिली वाट साक्षरतेची. मुंबई प्रांतात पुरुषाला शिक्षणाच्या आधारावर मत हवे असेल तर त्याला मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण असावी लागे. स्त्रीला मात्र लिहितावाचता येणे पुरेसे होते. याचा अर्थ असा की, 1937 साली एकवीस वर्षांची झालेली आणि मराठी तिसरी-चौथी शिकलेली मुलगी स्वतःच्या नावावर एक बिघाही नसताना मतदार होऊ शकत होती. पुण्याच्या हुजूरपागेत, सेवासदनात किंवा हिंगण्याच्या आश्रमात शिकलेली कोणी बाई घराण्यात असेल, तर तिच्यापासून शोध सुरू करावा. गावाकडची असेल तर जीवन शिक्षण मंदिराचे किंवा जुन्या लोकल बोर्डाच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून जन्मसाल आणि इयत्ता दोन्ही कळतात, आणि आपल्याला लागते तेवढेच. दाखल्यावर नाव माहेरचे असणार, हे विसरू नये.

दुसरी वाट पत्नीपणाची. ठरावीक मालमत्ता किंवा कर भरणाऱ्या पुरुषाच्या पत्नीला त्या नात्याने मत मिळे. ही तरतूद त्या काळच्या स्त्रीसंघटनांना मुळीच मान्य नव्हती. जानेवारी 1927 मध्ये पुण्यात ज्या अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्या परिषदेसह प्रमुख संघटनांनी स्त्रीपुरुषांना सारखा प्रौढ मताधिकार मागितला होता. नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून बायकोचे मत ठरावे, हे त्यांना अपमानाचे वाटत होते, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे बरोबर होते. प्रौढ मताधिकाराची मागणी दुसऱ्या बाजूनेही होत होती. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सादर केलेल्या निवेदनात स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मत द्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. ज्यांच्या घरी जमीन नव्हती आणि शाळेच्या ओसरीखालीच ज्यांना बसवले जाई, अशा घरांतील स्त्रीला 1937 च्या कोणत्याही वाटेने यादीत शिरणे किती कठीण होते, हे लक्षात घेतले की त्या मागणीचे वजन कळते. आपले घराणे अशा घरांपैकी असेल तर 1937 च्या यादीत नाव न सापडणे हीच एक नोंद आहे, आणि ती वहीत तशी लिहावी.

तिसरी वाट बहुतेकांना ठाऊक नसते. फौजेतील शिपायाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मागे निवृत्तिवेतन मिळवणाऱ्या विधवेला आणि आईलाही या कायद्याने मत दिले होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात पहिल्या महायुद्धात घरटी माणूस गेलेली गावे आहेत. अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. ब्रिटिश मुलखातील अशा घराने ट्रंकेच्या तळाशी पडलेले पेन्शनचे पुस्तक आधी बाहेर काढावे. अंगठा उठवून दरमहा पेन्शन घेणारी, मुलगा बसऱ्याला गमावलेली म्हातारी ही त्या घरातील पहिली मतदार असू शकते.

त्या काळी मतदारसंघ धर्मावारही विभागलेले होते, त्यामुळे मुसलमान घराण्याने मुसलमान मतदारसंघाची यादी स्वतंत्रपणे पाहावी. प्रांतिक निवडणुका 1937 नंतर 1946 मध्ये झाल्या आणि पात्रता तीच होती. 1937 मध्ये वयात न आलेली आत्या 1946 च्या यादीत असू शकते. विदर्भातील कुटुंबांसाठी एक उल्लेख उपयोगी पडेल: 1937 मध्ये निवडून आलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती अनसूयाबाई काळे होत्या आणि 1952 मध्ये त्या नागपूरमधून लोकसभेवर गेल्या. ‘आम्ही अनसूयाबाईंना मत दिले’ अशी आठवण घरात असेल तर तिचे साल कोणते, हे विचारून घ्यावे.

आठवणीवरून साल कसे काढावे

25 ऑक्टोबर 1951 ते 21 फेब्रुवारी 1952 या काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रश्न सोपा होतो, कारण राज्यघटनेच्या 326 व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार आला आणि 325 व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे ठरले. 1 मार्च 1950 रोजी ज्या स्त्रीचे वय 21 पूर्ण होते, ती पात्र. अडचण उरते ती एवढीच की, आजी ‘मी पहिल्या निवडणुकीत मत दिले’ असे सांगते तेव्हा ती निवडणूक खरोखर पहिली होती की तिच्या आयुष्यातली पहिली, हे आपल्याला कळत नाही.

तिला साल विचारू नये. काय केले ते विचारावे. 1952 आणि 1957 या निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत कोरा कागद टाकायचा असे. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्हावर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली. तेव्हा ‘बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला’ असे आजी म्हणाली, तर ती 1952 किंवा 1957 ची गोष्ट सांगत आहे. ‘बैलजोडीवर शिक्का मारला’ म्हणाली, तर 1962 किंवा 1967 ची. बैलजोडी हे काँग्रेसचे चिन्ह 1969 च्या फुटीपर्यंत होते. गाय-वासरू आठवत असेल तर काळ 1971 किंवा त्याच्या पुढचा. ‘समितीला मत दिले’ आणि त्याच दमात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आठवत असतील, तर बहुधा 1957. बोटाला लावलेल्या शाईवरून मात्र काहीच ठरत नाही, कारण ती पहिल्यापासून आहे.

वयाच्या बाबतीतही हीच रीत. यादीतील वये तीस, पस्तीस, चाळीस अशी गोल केलेली असतात आणि त्यांवर विसंबू नये. त्याऐवजी मानमोडीच्या साथीत, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझात, ती पाळण्यात होती की चालत होती, गांधीवधानंतरच्या अठ्ठेचाळीसच्या जळितात तिच्या कडेवर कोणते मूल होते, पानशेतचे धरण फुटले तेव्हा थोरली सासरी गेली होती का, असे विचारत गेले की जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागते.

गोव्यातील घरांसाठी

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला आणि तेथे प्रौढ मताधिकारावर पहिली विधानसभा निवडणूक 9 डिसेंबर 1963 रोजी झाली. पोर्तुगीज अमलातील मताधिकार अतिशय मर्यादित होता, त्यामुळे बहुतेक गोमंतकीय घरांनी 1963 हेच साल धरून चालावे. आठवणींची सरमिसळ मात्र तेथे वेगळ्या कारणाने होते: 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात लोकांनी इतक्या हिरिरीने मतदान केले की, पुष्कळ वृद्धांना तेच आपले पहिले मतदान वाटते. ताळा सोपा आहे. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी तेव्हाची चिन्हे होती. आजीला फूल आणि दोन पाने आठवली तर ती कौलाबद्दल बोलत आहे, आणि मग ‘त्याच्या आधी कधी गेली होतीस का’ असा पुढचा प्रश्न विचारावा. कागदपत्रांसाठी पणजीतील गोवा पुराभिलेखागाराशिवाय पर्याय नाही.

यादी कुठे मागावी आणि कशी मागावी

जुन्या याद्या एका ठिकाणी, क्रमवार, हात घालताच मिळतील अशा ठेवलेल्या नाहीत, हे आधीच मनाशी धरून निघावे. स्वातंत्र्योत्तर यादीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारणेला ‘एवढे जुने नसते’ हे उत्तर ठरलेले असते. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ब्रिटिश काळातील कागदांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कार्यालयांपैकी आपल्या भागाचे कार्यालय गाठावे. अर्जात ‘माझ्या पणजीचे नाव शोधून द्या’ असे लिहू नये. ते काम कर्मचारी करीत नाहीत आणि करूही शकत नाहीत. निवडणुकीचे साल, कायदेमंडळ की स्थानिक संस्था, मतदारसंघ, तालुका आणि गाव, एवढे लिहून तो गठ्ठा पाहण्याची परवानगी मागावी.

जिल्ह्याचे नाव त्या काळचे लिहावे, कारण गठ्ठे त्याच नावाने बांधलेले असतात. जळगावचे कागद पूर्व खानदेशात, धुळ्याचे पश्चिम खानदेशात, अलिबाग-पेणचे कुलाबा जिल्ह्यात आणि सावंतवाडी संस्थान वगळून आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत शोधावा लागतो. 1949 नंतरच्या सांगलीसाठी दक्षिण सातारा हे नाव पाहावे. यादी उघडल्यावर आधी घर क्रमांकाने कुटुंब शोधावे आणि मग त्या घरातील स्त्रियांची सगळी नावे वाचावीत. थेट नावाने शोधू गेल्यास एका अक्षराच्या फरकाने नाव हुकते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

वहीत नोंद करताना दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्यात: यादीत नाव असणे आणि मत दिलेले असणे. मतदान केंद्रावर खुणा करून वापरलेली प्रत ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जाते, तेव्हा अमुक बाईने मत दिले याचा कागदी पुरावा आज मिळत नाही. मिळते ती तिची किंवा तिच्याबरोबर गेलेल्या बाईची आठवण. ती कोणी, कधी आणि कोणाला सांगितली, हे शेजारी लिहावे. यादीतील नाव जसे छापले आहे तसेच उतरवावे. लक्ष्मीबाईचे ‘लक्षुमी’ झाले असेल, वय दहा वर्षांनी कमी पडले असेल, नवऱ्याच्या रकान्यात ‘बापू’ आले असेल, तरी ते दुरुस्त करून लिहू नये; आपल्याला ठाऊक असलेले खरे नाव आणि वय पुढच्या ओळीत वेगळे लिहावे. तीच यादी पुढे दुसरे कोणी पाहायला गेले, तर त्याला ते नाव ‘लक्षुमी’ म्हणूनच सापडणार आहे.